शिरवंतीची उंची

कोणत्या राजाच्या काळात हे घडलं ते आता कुणाला सांगता येत नाही, इतकी ही जुनी गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी म्हणून मी ती सांगतो, पण मोठ्यांनीही उठून जाऊ नये.

एका राज्याच्या दक्षिणेला, डोंगर उतरून सपाटी लागते तिथं, दोन गावं होती. वरच्या अंगाला शिरवंती आणि नदीच्या खालच्या अंगाला पानकेरी. राजधानीपुढं दोन्ही लहान, आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांपुढं दोन्ही मोठी. शिरवंतीत विणकर पुष्कळ होते, पानकेरीत विड्याच्या पानांचे मळे होते. शिरवंतीच्या वर एक मोठं तळं होतं. त्याला पूर्वजांनी दगडी बांध घातला होता. त्या तळ्याचं पाणी आधी शिरवंतीच्या विहिरींना आणि शेतांना मिळे, मग पाटानं खाली पानकेरीच्या मळ्यांना जाई. इकडच्या मुली तिकडं दिलेल्या, तिकडच्या इकडं. एका गावात कुणी गेलं तर दुसऱ्या गावात सुतक लागे.

डोंगरातून उतरणाऱ्या वाटेवर एक खिंड होती. तिथं उभं राहिलं की दोन्ही गावं एकदम दिसत. सकाळच्या स्वच्छ उजेडात तर दोन्हींच्या माथ्यांची कड आकाशावर स्पष्ट उमटे. इकडं देवळाचं शिखर, तटाचे बुरूज, उंच पिंपळ. तिकडं वेस, धान्याचं कोठार, नारळीची झाडं.

शिरवंतीचा कारभार शिवगोंडा नावाच्या माणसाकडं होता. माणूस कष्टाळू आणि सरळ. तळ्याच्या बांधाची देखभाल त्याच्या घराण्याकडं होती आणि दरवर्षी उन्हाळ्यात तो स्वतः उभा राहून बांधाची डागडुजी करून घेई. बायको लवकर वारली. एकुलती एक मुलगी, सोनाक्का, तिला त्यानं आईच्या मायेनं वाढवली. लग्नाची वेळ आली तेव्हा लांबलांबची स्थळं आली होती. पण शिवगोंडानं पानकेरीचा पारिसा निवडला. लोकांनी विचारलं, "एवढी मोठी स्थळं का सोडली?" तेव्हा तो म्हणाला, "खिंडीत गेलं की पोरीच्या घरचा धूर दिसतो. मला तेवढं पुरे."

आणि खरोखरच तो आठवड्यातून एकदा तरी खिंडीत जाई, दगडावर बसे आणि पानकेरीच्या छपरांतून सोनाक्काचं छप्पर शोधून काढी. मग सावकाश घरी येई.

असं चाललं असताना एक दिवस राजाचा एक सरदार त्या वाटेनं आला. त्याचा घोडा खिंडीत थांबला. दोन्ही गावांचे प्रमुख त्याच्या स्वागताला वर आले होते. शिरवंतीकडून शिवगोंडा आणि पानकेरीकडून त्याचा जावई पारिसा, कारण पारिसाच्या हाती आता तिथला कारभार आला होता.

सरदारानं एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं पाहिलं.

"यातलं मोठं कोणतं?" त्यानं विचारलं.

शिवगोंडा हसला. "सरकार, तसं कधी मोजलं नाही."

"मोजायला हवं. महाराजांना दक्षिणेत एक मुख्य ठाणं नेमायचं आहे. तिथं कचेरी येईल, बाजार भरेल, फौज राहील. पुढच्या पावसाळ्यानंतर मी परत येईन. इथंच, या खिंडीत उभा राहीन. जे गाव मोठं आणि उंच दिसेल, ते मुख्य ठाणं."

एवढं बोलून सरदार निघून गेला. सासरा आणि जावई खिंड उतरू लागले. नेहमी ते बोलत बोलत उतरत. त्या दिवशी दोघेही आपापल्या गावाकडं पाहत उतरले.

सुरुवात अगदी साधी होती. पानकेरीकरांनी आपल्या वेशीवर एक मजला चढवला. शिरवंतीकरांनी ते पाहिलं आणि गावाच्या मधोमध एक मनोरा उभारायचं ठरवलं. मग पानकेरीनंही मनोऱ्याचा पाया खणला.

मग लोकांना वेडच लागलं. शिरवंतीकरांनी गावाबाहेरचे गोठे तटाच्या आत घेतले, म्हणजे गाव लांबरुंद दिसेल. पानकेरीकरांनी कडब्याच्या गंज्यांना चुना फासला, म्हणजे खिंडीतून त्या घरांसारख्या दिसतील. दोन्ही गावांच्या मधल्या लहान वाडीतल्या लोकांकडं दोन्हीकडची माणसं जाऊन म्हणू लागली, "सरदार आले की आम्ही अमुक गावचे असं सांगा." वाडीतली एक म्हातारी वैतागून म्हणाली, "मेल्यांनो, आम्ही आमच्या वाडीचेच राहिलो तर तुमचं काय अडतंय?"

याचं लोकांना हसू येई. पण हळूहळू हसू कमी होत गेलं. पानकेरीचा माणूस शिरवंतीच्या बाजारात आला की त्याला टोमणे ऐकावे लागत. शिरवंतीची लेक पानकेरीत सासरी पाणी भरायला गेली की तिला विचारत, "काय गं, तुझ्या माहेरचा मनोरा अजून गुडघ्याएवढाच का?" ठरलेली लग्नं अडली. एका सणाला एकमेकांकडं पाठवायचं वाण दोन्ही गावांनी पाठवलं नाही.

शिवगोंडा आता रोज खिंडीत जात होता. त्याच दगडावर बसत होता. पण आता तो छप्पर शोधत नसे. तो पानकेरीचा मनोरा किती चढला ते पाही, मग मान वळवून आपला मनोरा पाही, आणि कपाळाला आठ्या घालून घरी येई.

उन्हाळा संपत आला तेव्हा एक अडचण उभी राहिली. शिरवंतीच्या खाणीतला चांगला दगड संपला. नवा दगड डोंगरापलीकडून आणायचा तर दीड-दोन महिने तरी गेले असते. आणि पानकेरीचा मनोरा तर दिवसागणिक वर चालला होता.

शिवगोंडा तळ्याच्या बांधावर गेला. आजोबांच्या वेळी घडवलेले ते मोठाले चिरे तो बराच वेळ पाहत राहिला. त्यातला एकेक दगड कशासाठी आहे हे त्याला ठाऊक होतं. गावात त्याच्याइतकं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून त्याला कुणी समजावण्याचा प्रश्नच नव्हता, आणि त्यानं कुणाला विचारलंही नाही.

'मागच्या बाजूचे थोडे घेऊ,' तो स्वतःशी म्हणाला. 'पाऊस जोर धरायच्या आत डोंगरापलीकडचे दगड येतील. मग पुन्हा बसवून टाकू.'

थोडे घेतले. मनोरा चढला. पानकेरीचाही चढला. मग आणखी थोडे घेतले. काढलेल्या जागी माती भरली आणि वरून सारवून टाकलं. लांबून पाहिलं तर बांध होता तसाच दिसत होता.

पंचमीला सोनाक्का माहेरी आली. पावसानं त्या वर्षी अजून जोर धरला नव्हता. त्या वर्षी पानकेरीतल्या फार थोड्या सुना माहेरी आल्या होत्या. तिच्या कडेवर तिची लहान मुलगी होती. ती तळ्याच्या वाटेनं आली, कारण लहानपणी ती बापाचा हात धरून त्याच बांधावरून फिरत असे.

घरात आल्यावर तिनं मुलीला खाली ठेवलं आणि डोक्यावरचा पदर सावरायच्या आत विचारलं, "आप्पा, बांधाच्या मागचे दगड कुठं गेले?"

शिवगोंडानं तिच्याकडं पाहिलं नाही. "तुझ्या सासरचा मनोरा किती झाला? पुढचा मजला बांधायला घेतला म्हणतात, खरं का?"

सोनाक्का खाली बसली. "मी आले की तुम्ही आधी मला जवळ बसवायचा. 'दमलीस का, खाल्लंस का' म्हणायचा. आता मनोऱ्याचं विचारता."

"विचारलं म्हणून काय झालं?"

"आप्पा, मी दगडांचं विचारलं."

तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. मुलीपाशी खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. सोनाक्का ऐकत राहिली आणि तिचा चेहरा उतरत गेला.

"बांध फुटला तर पाणी कुठं जाईल?" ती म्हणाली.

"फुटायचा नाही."

"पण फुटला तर? शिरवंती उंचवट्यावर आहे, नदी तिला वळसा घालून जाते. पाणी आमच्याकडं येईल, आप्पा. नदीकाठची सगळी आळी आमची. मळे आमचे."

"मी म्हणतो ना, फुटायचा नाही. दगड निघालेत डोंगरापलीकडून. आठ-दहा दिवसांत बसवतो."

सोनाक्कानं मुलीला मांडीवर ओढून घेतलं. मग म्हणाली, "तोवर मी घरी सांगून ठेवते. नदीकाठचे लोक पावसापुरते वर येऊन राहतील."

शिवगोंडा ताडकन उठला. "नको! त्यांना कळलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. शिरवंतीकर बांध उपसून मनोरा बांधतात असं खिंडीतून ओरडतील. सरदाराच्या कानावर जाईल." मग त्याचा आवाज खाली आला. "अक्का, बापाची लाज राख. एवढं एकच मागतो. सांगू नकोस."

बाप आपल्यापुढं असा हात जोडून उभा राहिलेला सोनाक्कानं जन्मात पाहिला नव्हता. तिला ते पाहवेना. तिनं त्याचे हात खाली केले.

"शब्द देता? आठ-दहा दिवसांत दगड बसतील?"

"दिला शब्द."

दुसऱ्या दिवशी ती सासरी गेली. जाताना तिनं बांधाची वाट टाळली.

डोंगरापलीकडचे दगड खरोखरच आले, मुलांनो. शिवगोंडा खोटं बोलला नव्हता. पण ते आले त्याच दिवशी कुणीतरी बातमी आणली, की पानकेरीकरांनी मनोऱ्यावर कळस चढवायचा ठरवलं आहे आणि तो शिरवंतीच्या मनोऱ्याहून पुरुषभर उंच जाणार आहे. गाड्या गावाच्या चौकात उभ्या होत्या. गाडीवानांनी विचारलं, "बांधाकडं न्यायच्या का?"

शिवगोंडानं आभाळाकडं पाहिलं. ऊन पडलं होतं.

"इथंच उतरवा," तो म्हणाला. "आधी शेवटचा मजला होऊ दे."

त्यानंतर पाऊस लागला तो थांबेचना. तळं काठोकाठ भरलं. शिवगोंडा रोज बांधावर जाऊन येई. सारवलेल्या मातीतून पाणी पाझरताना त्याला दिसलं, तेव्हा मात्र त्यानं मनोऱ्याचं काम थांबवून सगळ्या माणसांना बांधावर बोलावलं. पण ओल्या मातीत चिरे बसेनात. ठेवलेला दगड घसरून खाली जाई. दुपारी पाऊस उघडला, तेवढ्यात बांधाच्या पोटातून मोठा आवाज झाला. माणसं जीव घेऊन बाजूला पळाली, आणि सगळं तळं त्या भगदाडातून खाली सुटलं.

शिरवंतीच्या एकाही घरात पाणी शिरलं नाही. ते गावाला वळसा घालून, नदीचं पात्र धरून, सरळ पानकेरीकडं गेलं.

शिवगोंडा धावत सुटला. चिखलातून पडत-उठत तो पानकेरीला पोचला तेव्हा पाणी ओसरायला लागलं होतं. नदीकाठची आळी राहिली नव्हती. पानमळे नव्हते. कोठार नव्हतं. मनोऱ्याचा पाया खचला होता आणि त्याचा ढीग वेशीत आडवा पडला होता. जे जगले ते देवळामागच्या टेकाडावर गोळा झाले होते. कुणी हाका मारत होतं, कुणी नुसतं बसलं होतं.

तिथं त्याला पारिसा दिसला. पारिसाच्या खांद्यावर लहान मुलगी झोपली होती. शेजारी पारिसाची आई बसली होती आणि सगळ्यांच्या मधे, भिजलेल्या लुगड्यात, सोनाक्काला निजवलं होतं.

शिवगोंडा तिच्या उशाशी बसला. त्यानं तिच्या केसांतला गाळ बोटांनी काढायला सुरुवात केली. बराच वेळ तो तेच करत राहिला.

"मामा," पारिसा म्हणाला. "आवाज झाला तेव्हा आम्हाला वाटलं ढग गडगडला. कुणी जागचं हललं नाही. ही एकटी उठली. पोर आईच्या हातात दिली आणि नदीकाठच्या आळीत ओरडत गेली. 'बांध फुटला, वर पळा, बांध फुटला!' या टेकाडावर जेवढी माणसं दिसतात ना, त्यातली अर्धी तिच्या ओरडण्यानं वाचली. सगळ्या दारांपर्यंत पोचायला मात्र तिला वेळ मिळाला नाही." त्यानं सासऱ्याकडं पाहिलं. "मामा, तिला कसं कळलं? कुणालाच कळलं नाही, मग तिलाच कसं कळलं?"

शिवगोंडाचे हात थांबले. गप्प राहता आलं असतं. ज्याला ठाऊक होतं ते माणूस आता बोलणार नव्हतं. पण त्यानं मान वर केली आणि सगळं सांगितलं. दगडांचं सांगितलं. पंचमीचं सांगितलं. शेवटी म्हणाला, "ती तुम्हाला सांगणार होती. मी हात जोडले, सांगू नको म्हणालो. माझी लाज राखली तिनं."

आसपासच्या माणसांनी ते ऐकलं. एक तरुण दगड उचलून पुढं आला. पारिसानं हात आडवा करून त्याला थांबवलं.

"तिनं मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, ठाऊक आहे?" पारिसा शिवगोंडाला म्हणाला. "काठची माणसं वर आणली असती असं वाटतं मला आता. पण खरं सांगू? मी आधी हसलो असतो. खिंडीत जाऊन ओरडलो असतो. आणि त्याच दिवशी आमचा मनोरा आणखी चढवायला घेतला असता." त्यानं झोपलेल्या पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "आपण दोघांनी मिळून मारली तिला, मामा. तुम्ही जास्त, मी कमी. पण दोघांनी."

सोनाक्काला अग्नी दिल्यावर पारिसा मुलीला घेऊन निघून गेला. पानकेरीची उरलेली माणसंही एकेक करून पांगली. कुणी मामाकडं, कुणी मावशीकडं, कुणी परमुलखात. शिरवंतीकरांनी त्यांना आपल्या घरी बोलावलं, पाया पडून बोलावलं. पण कुणीही आलं नाही.

पावसाळा सरला आणि ठरल्याप्रमाणं सरदार खिंडीत आला. शिवगोंडा एकटाच वर गेला होता.

सरदारानं खाली पाहिलं. "दुसरं गाव कुठं आहे?"

"होतं, सरकार."

सरदारानं सगळं ऐकून घेतलं. त्याला वाईट वाटलं, पण तो हुकमाचा ताबेदार होता. "आता तर प्रश्नच उरला नाही," तो म्हणाला. "दक्षिणेत शिरवंतीएवढं मोठं आणि उंच गाव दुसरं नाही. तेच मुख्य ठाणं."

"आम्हाला नको," शिवगोंडा म्हणाला. "आणि द्यायचं म्हटलंत तरी गाव टिकणार नाही. तळं रिकामं झालंय. विहिरी आटायला लागल्यात. लोक गाड्या भरताहेत."

सरदारानं पुन्हा एकदा गावाकडं पाहिलं. वेशीतून खरोखरच गाड्या बाहेर पडत होत्या. त्यानं घोडा वळवला आणि मुख्य ठाण्याचा मान पुढं कुठल्या तरी तिसऱ्याच गावाला मिळाला.

शिवगोंडा मात्र गाव सोडून गेला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं पहार घेतली आणि मनोऱ्याचा वरचा चिरा काढला. तो बैलगाडीत घालून बांधावर नेला. त्याला कुणी अडवलं नाही, आणि पहिले काही दिवस कुणी मदतही केली नाही. मग राहिलेली माणसं येऊ लागली. मनोरा उतरत गेला, बांध भरत गेला. त्याला वर्षं लागली. तळ्यात पुन्हा पाणी साचलं, पाटानं खाली गेलं आणि पानकेरीच्या ओसाड जमिनीत, जिथं आता नुसत्या बाभळी उगवल्या होत्या, तिथं जिरून गेलं.

तेव्हा म्हातारा झालेला शिवगोंडा काठी टेकत पारिसाचा ठाव काढत गेला. फार लांबच्या एका खेड्यात पारिसा दुसऱ्याच्या शेतात राबत होता. त्यानं सासऱ्याला ओटीवर बसवलं, पाय धुवायला पाणी दिलं. त्याची मुलगी आता मोठी झाली होती. तिनं पाहुणा म्हणून नमस्कार केला आणि आत निघून गेली. शिवगोंडा कोण, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"बांध पुरा झाला," शिवगोंडा म्हणाला. "पाणी आलंय. मळे पुन्हा लागतील. चला परत. तुम्ही आलात की बाकीचेही येतील."

पारिसानं पाण्याचा तांब्या बाजूला ठेवला. "तुमच्यावर राग नाही माझा आता, मामा. राग धरायलाही जोर लागतो. पण तिथं येऊन मी कुठल्या बाजूला बघू? वर बघितलं की बांध दिसणार. खाली बघितलं की नदी."

शिवगोंडानं काठी जवळ ओढली. तो उठला. निघताना त्यानं आतल्या दाराकडं एकदा पाहिलं. पारिसाच्या ते ध्यानात आलं, पण त्यानं मुलीला हाक मारली नाही, आणि शिवगोंडानंही तिला बोलवा म्हटलं नाही.

त्याच हिवाळ्यात तो गेला. शिरवंती त्यानंतर हळूहळू लहान होत एक साधं खेडं होऊन राहिली. पानकेरीत पुन्हा कुणी घर बांधलं नाही.

तात्पर्य: शेजाऱ्याहून उंच दिसण्यासाठी जो आपल्या आणि त्याच्या मधला आधार काढून घेतो, त्याला उंची मिळते, पण ती पाहायला आपलं माणूस उरत नाही.